तेवीस दोष

आमच्या घरात निर्णय होत नाहीत, तपासण्या होतात. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. बावीस वर्षं इमारतींच्या खड्ड्यांत उतरून लिफ्टच्या पोटाकडे बघत आलाय, त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी खालून बघायची सवय लागलीय त्याला. फ्रिज घ्यायला गेलो तेव्हा त्याने दार इतक्या वेळा उघडलं आणि लावलं की दुकानदार शेवटी म्हणाला, साहेब, नका घेऊ, पण आता सोडा ते. सोफा, गादी, माझा मोबाइल, सगळ्यांची हीच गत. तेव्हा ठमीच्या शाळेचा प्रश्न निघाला तसं मी मनाशी म्हटलं, झालं, आता काही खरं नाही आपलं.

ठमी म्हणजे आमची मुलगी. लहानपणी गोलमटोल होती म्हणून तिच्या आत्याने हे नाव ठेवलं. आता अकरा वर्षांची आहे, अंगावर मांस म्हणून नाही, पण नाव काही सुटत नाही. तिची पाचवी संपत आली होती आणि पुढे दोन वाटा होत्या. एक, बसने पाऊण तास लांब असलेली खासगी शाळा. तिथे आत्याने ओळख लावून एक जागा धरून ठेवली होती आणि दर दोन दिवसांनी फोन करून ती जागा धरून ठेवल्याची आठवण देत होती. दुसरी, आमच्या रस्त्याच्या टोकाची सरकारी शाळा, सहावी ते आठवीची. चालत सात मिनिटं.

या सरकारी शाळेचं नाव पूर्वी लोक मुलांना धाक घालायला वापरायचे. अभ्यास कर, नाहीतर तिथे घालीन. आधीचे मुख्याध्यापक भर दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपायचे, हे मी स्वतः खिडकीतून पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी नव्या मुख्याध्यापिका आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. आल्या आल्या त्यांनी भाषण केलं नाही, की फाटकाला रंग दिला नाही. रोज सकाळी फाटकाशी उभ्या राहायच्या आणि उशिरा येणाऱ्या शिक्षकांना काही न बोलता मनगटावरचं घड्याळ दाखवायच्या. महिनाभरात सगळे वेळेवर यायला लागले. मग कुलूप लावलेली वाचनाची खोली उघडली, बंद पडलेला विज्ञानाचा तास सुरू झाला, त्यासाठी एक तरुण बाई आल्या. चांगलं चाललं होतं. पण लोकांच्या मनात अजून तो टेबलावर झोपलेला माणूसच होता.

सगळं घोडं अडलं होतं वरच्या ऑफिसातून आलेल्या एका पत्रावर. चालू सहावीच्या वर्गात मुलं जेमतेम अकरा. पुढच्या सहावीला तीस मुलांचे फॉर्म आले नाहीत, तर विज्ञानाच्या बाईंना दुसऱ्या शाळेत हलवणार. मुदत ठरली होती, अमुक शुक्रवार, संध्याकाळी पाच.

आमच्या भागातल्या पालकांचा फोनवर एक ग्रुप होता. त्याचे म्होरके म्हणजे कोपऱ्यावरचे चष्म्याचे दुकानदार, ज्यांना सगळे चष्मेवालेच म्हणतात. त्यांचा मुलगा ठमीच्याच वर्गात. बोलण्यात माणूस कुणाला ऐकायचा नाही. एकट्यादुकट्याने जाण्यात अर्थ नाही, सगळे मिळून जाऊ, आपली मुलं गेली की शाळा आपोआप सुधारेल, असा मोठा लांबलचक मजकूर त्यांनी टाकला. चौतीस घरांनी हो म्हटलं. सत्तावीस जणांनी फॉर्मही भरले, सोबत मुलांचे जन्मदाखले दिले. आम्हीही दिले. फक्त घरी येताना नवरा म्हणाला की फॉर्म दिलाय, पण अजून नक्की नाही, आधी शाळा बघायला हवी. मी कपाळावर हात मारून घेतला.

मुदतीच्या तीन आठवडे आधी एका शनिवारी शाळेने पालकांना मुलांसकट बोलावलं. विज्ञानाच्या बाईंनी बाह्या वर करून पाच बाकांवर पाच बंद पडलेले टेबलफॅन मांडून ठेवले होते. शेजारी स्क्रूड्रायव्हर. मुलांना म्हणाल्या, उघडा, बघा, जमलं तर चालू करा. बाकीची मुलं दहा-पंधरा मिनिटांत कंटाळून मैदानात पळाली. ठमीने तिचा पंखा उघडला, तारेचा सुटलेला तुकडा जोडला, परत बसवला, आणि हातात एक स्क्रू उरला. पंखा फिरत होता, तसाच सोडला असता तरी चाललं असतं. पण तिने पुन्हा सगळा उघडला, स्क्रूची जागा शोधायला. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या आणि तोंडातून एक शब्द काढत नव्हत्या. मला राहवेना, मी सांगायला पुढे झाले, तर बाईंनी मला नुसत्या डोळ्यांनी थांबवलं. दीड तासाने स्क्रू आपल्या जागी बसला. ठमी ओरडली नाही, नाचली नाही. पंख्यासमोर डोळे मिटून वारा घेत बसून राहिली.

घरी येताना ती म्हणाली, "मला इथेच यायचंय."

या मुलीने आजवर स्वतःहून काही मागितलेलं नाही. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणते, काहीही चालेल. त्यामुळे मी रस्त्यात थबकलेच. नवऱ्याने ऐकलं की नाही कोण जाणे, तो डायरीत काहीतरी खरडत चालला होता.

कारण ते दीड तास तोही गप्प बसला नव्हता. टॉर्च घेऊन शाळाभर फिरला. जिन्याखाली वाकून बघितलं, गच्चीचं दार ढकलून बघितलं, एका शिक्षिकेला सोबत घेऊन मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्या लावून काढून बघितल्या. शिपाई बिचारा त्याच्या मागे मागे, वरून कोणी साहेब आलाय की काय या धास्तीने.

रविवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून यादी लिहिली. सुरेख ठळक अक्षर आहे त्याचं. जिन्याचा कठडा डावीकडे सैल. मुलींच्या स्वच्छतागृहात तिसऱ्या दाराची कडी लागत नाही. विज्ञानाच्या खोलीत पाचपैकी दोन नळ गळतात. आग विझवायच्या सिलिंडरची तारीख उलटून गेली आहे. घंटा दोन मिनिटं पुढे. वाचनाच्या खोलीतल्या उजव्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. भाषेचे सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, मागच्या बाकांना ऐकू जात नाही. असं करत करत शेवटचा, तेविसावा: सहावीच्या वर्गात बाकं चाळीस, मुलं अकरा, मुलं कमी. खाली सही, तारीख. ही यादी मोठ्या बाईंना नेऊन द्यायची, असं त्याने जाहीर केलं.

आणि मी काय केलं? मला इतका आनंद झाला की मी त्याला तिथल्या तिथे मिठी मारली.

आता हे नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ इथेच झाला. नवऱ्याच्या कामात एक रीत आहे. जी लिफ्ट भंगारात काढायची, तिच्यावर तो एक ओळ लिहितो: दुरुस्त करू नका, नवीन बसवा. तिथे दोष मोजत बसण्यात वेळ कोण घालवेल? लांब यादी तो फक्त अशाच लिफ्टची करतो, जिचा गाभा चांगला आहे, जिच्यात अजून दहा-वीस वर्षं लोक चढतील-उतरतील. जितकी यादी लांब तितका त्याचा जीव तिच्यात गुंतलेला. आमची ओळखसुद्धा अशा यादीवरूनच झाली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. तिथली जुनी लिफ्ट बघायला हा आला आणि त्याने एक्केचाळीस दोषांचा कागद दाराशी चिकटवला. ती लिफ्ट आजही चालते.

तर तेवीस दोष म्हणजे माझ्या लेखी शाळा पास झाली होती. ठमीचं काम झालं होतं. मी त्या यादीचा फोटो काढला आणि उत्साहाच्या भरात पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमच्या घरच्या इन्स्पेक्टरने शाळा तपासली, हा बघा रिपोर्ट. पुढे एक हसरा चेहरा. अजून काही लिहायचं सुचलंच नाही, कारण मला वाटलं, वाचणाऱ्याला कळेलच.

तासभर ग्रुपवर शुकशुकाट. मग एका आईने विचारलं की आगीचं सिलिंडर खरंच जुनं आहे का. कोणी लिहिलं, कठडा सैल म्हणजे एखादं लेकरू पडलं तर जबाबदार कोण. एक बाबा, जे कधी शाळेत पायसुद्धा ठेवायला आले नव्हते, त्यांनी लिहिलं की मला आधीपासूनच शंका होती. मी घाईघाईने खुलासा टाकला की अहो, लांब यादी म्हणजे चांगली गोष्ट आहे. कोणीतरी त्यावर हसून लोळणारा चेहरा टाकला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

पुढचे दिवस मी कामावरून सुटले की दारोदार हिंडत होते. एकीकडे सासूबाईंची तब्येत बिघडली होती, दुसरीकडे मुलाला दम्याचा त्रास असल्याचं अचानक लक्षात आलं होतं, तिसरीकडे तर मी आत शिरायच्या आधीच टीव्हीचा आवाज मोठा झाला. कोणी सरळ नाही म्हणेना. सरळ नाही म्हणाले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. आठ जणांनी शाळेत जाऊन फॉर्म परत घेतले. ज्यांनी नुसतं हो म्हटलं होतं आणि फॉर्म द्यायचे राहिले होते, ती सात घरं फोनच उचलेनात. सत्तावीसचे एकोणीस झाले.

सगळ्यांत पहिला फॉर्म परत घेतला तो चष्मेवाल्यांनी. मी तावातावाने दुकानात गेले. सगळे मिळून जाऊ म्हणणारे तुम्ही आणि शेपूट घालणारेही तुम्हीच पहिले, असं गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. माणूस चिडला नाही, हीच पंचाईत. गिऱ्हाईक गेल्यावर शांतपणे म्हणाले, "वहिनी, मला लिफ्टमधलं कळत नाही. पण तुमच्या मिस्टरांची अशी यादी तुम्ही पहिल्यांदा वाचली होतीत, तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

हॉस्पिटलच्या लिफ्टवर तो एक्केचाळीस दोषांचा कागद लागला, तेव्हा मी महिनाभर चार मजले जिन्याने चढले होते. लिफ्टच्या दाराला हातसुद्धा लावला नव्हता. शेवटी त्यानेच एक दिवस मला थांबवून विचारलं होतं की बाई, तुम्ही लिफ्टवर का रागावलात, आणि मग ती रीत समजावून सांगितली होती. चौदा वर्षांत मी हे साफ विसरले होते. मी दुकानाबाहेर पडले.

घरी आल्यावर भांडण झालं. व्हायचंच होतं. तो म्हणाला, यादी मोठ्या बाईंसाठी होती, त्यांना मी सोमवारीच नेऊन दिली, ग्रुपवर टाकायला कोणी सांगितलं होतं. मी म्हटलं, तू घंटेची दोन मिनिटंसुद्धा सोडली नाहीस, एखादं चांगलं वाक्य लिहिलं असतंस तर तुझी शाई संपली असती का? तो म्हणाला, चांगलं असतं ते लिहीत नाहीत, ते चालतंच. हे त्याचं नेहमीचं. माझ्या स्वयंपाकाबद्दलही चौदा वर्षांत चकार शब्द नाही. त्यातच आत्याचा फोन. जागा शुक्रवारी दुपारपर्यंतच धरता येईल, नंतर माझी मान खाली जाईल, वगैरे. नवऱ्याने फोन ठेवला. मग हळूच म्हणाला की तीस आता होत नाहीत. विज्ञानाच्या बाई जाणार. मग ठमीला तिथे कशासाठी घालायचं?

मलाही ते पटलं. ज्या बाईंसाठी पोरीने पहिल्यांदाच काही मागितलं, त्याच जाणार असतील तर आपण कोणासाठी अडून बसायचं? आपण काय समाजसेवा करायला निघालोय? शेवटी ठरलं, शुक्रवारी सकाळी जाऊन फॉर्म परत आणायचा. ठमीला मीच सांगितलं. ती म्हणाली, "चालेल." तेच तिचं नेहमीचं, काहीही चालेलमधलं. तिने रडून गोंधळ घातला असता तर बरं झालं असतं, मला नीट रागावता तरी आलं असतं.

शुक्रवारी ठमीला तिच्या शाळेत सोडून आम्ही दहाच्या सुमाराला मोठ्या बाईंकडे गेलो. आम्ही कशाला आलो हे त्यांना आमच्या तोंडावरूनच कळलं असावं. बसा म्हणाल्या, कपाटातून फाइल काढली, ठमीचा फॉर्म आणि दाखला शोधून टेबलावर ठेवला. का, कशासाठी, एका अक्षराने विचारलं नाही. नवरा मात्र बसलाच नाही. तो भिंतीकडे बघत होता.

भिंतीवर त्याची यादी लावलेली होती. मूळ कागद, त्याच्या ठळक अक्षरातला. प्रत्येक ओळीपुढे लाल पेनाने बरोबरची खूण, तारीख, आणि काम केलेल्याची सही. कठडा, वेल्डरची सही. नळ, प्लंबरची सही. भाषेच्या सरांपुढे खुद्द सरांची सही. कपाटापुढे लिहिलं होतं, किल्ली सापडली, दोन करून घेतल्या. नवऱ्याने ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि तो खोलीबाहेर गेला. मला माहीत होतं तो कुठे जाणार. पंधरा मिनिटं मी आणि मोठ्या बाई समोरासमोर बसून राहिलो. मधे त्या एवढंच म्हणाल्या की इतक्या बारकाईने ही शाळा आजवर कोणी पाहिली नव्हती, लोक फाटकातूनच बघून ठरवतात.

नवरा परत आला तेव्हा त्याच्या हाताला वंगण लागलं होतं. कुठलीतरी कडी त्याने पुन्हा लावून काढून बघितली असणार.

"बावीस झालेत," तो म्हणाला.

"तेविसावा राहिलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलं कमी. तो एक मला करता येत नाही. आत्ता एकोणीस आहेत. तुम्ही हा फॉर्म नेलात की अठरा."

टोमणा नव्हता त्यात. हिशोब सांगावा तसं सांगितलं त्यांनी. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे मी ज्यांच्या नावाने बोटं मोडत होते, त्या आठांच्या रांगेत नववी होऊन मी स्वतःच्या पायांनी आले होते. त्या भिंतीवरचा तेविसावा दोष म्हणजे आम्हीच होतो, आणि तो लिहिलाही आम्हीच होता.

मी नवऱ्याला विचारलं, "बावीस झाले आणि एक राहिला, तर तू लिफ्ट चालू करतोस का?"

तो नेहमीसारखा विचार करत बसेल असं मला वाटलं. पण तो लगेच बोलला.

"हा दोष लिफ्टचा नाही," तो म्हणाला. "दारात उभं राहून जिन्याकडे बघणाऱ्यांचा आहे."

मी टेबलावरचा फॉर्म उचलला आणि दाखल्यासकट परत फाइलमध्ये घातला. मोठ्या बाईंना म्हटलं, लिहून घ्या, तीस होवोत न होवोत, तुमच्या बाई राहोत न राहोत, आमची मुलगी इथेच येणार. त्यांनी खरंच लिहून घेतलं, तारीख घालून, आणि नवऱ्याची सही घेतली. त्याने बाहेर व्हरांड्यात जाऊन बहिणीला फोन लावला. जागा सोड, एवढंच म्हणाला. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. तो फोन कानापासून लांब धरून उभा राहिला.

मग मी यादी मागितली. मोठ्या बाईंनी ती भिंतीवरून काढून दिली, वर फॉर्म परत नेलेल्या आठ घरांची आणि फॉर्म न दिलेल्या सातांची नावं एका कागदावर उतरवून दिली. पंधरांतले अकरा तरी हवे होते. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा मोह पुन्हा झाला, नाही असं नाही. फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावून घेतली. लॅबमध्ये फोन करून सांगितलं की आज येत नाही.

पहिलं दुकान चष्मेवाल्यांचं. नवरा बाहेरच थांबतो म्हणत होता, मी त्याला दंडाला धरून आत घेतलं. यादी काउंटरवर पसरली आणि म्हटलं, भाऊजी, ही आधी नीट वाचा, मग काय हवं ते विचारा, लिहिणारा इथेच उभा आहे. त्यांनी आधी लाल खुणांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग नवऱ्याच्या वंगण लागलेल्या हातांकडे. गळ्यातला चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवत वाचायला लागले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.